श्रीखंडाचा वास

लाईट गेली. भिंतीपलीकडचे अप्पांचे आठही माग घरघरत थांबले, आणि आम्ही सगळ्या जणी माझ्या कुशीतल्या गाठोड्याकडे बघत बसलो.

माझी मुलगी तेव्हा नऊ दिवसांची होती आणि तिचं सगळंच उलटं होतं. इतर पोरं आवाजानं दचकून उठतात, ही आवाज थांबला की उठायची. सातव्या महिन्यात मी इचलकरंजीला माहेरी आले, तेव्हापासून पोटात असतानाच तिनं मागांचा खडखडाट ऐकलेला. माग चालू असले की गाढ झोप, लाईट गेली की भोकाड. अप्पांना याचा कोण अभिमान! येईल त्याला सांगायचे, "आपल्या घराण्याची हाय. माग बंद पडला की हिच्याबी जिवाला घोर लागतोय."

पण त्या दुपारी तिला कसलाच घोर लागला नाही. आईनं तिच्या तळव्यावर टिचकी मारली. तिनं ओठ थोडे हलवले आणि पुन्हा मान टाकली. चंपाआत्यानं तांब्यावर चमचा वाजवला. काहीच नाही.

"सकाळपास्नं दोनदाच प्यालीया," आई म्हणाली. "तेबी अर्धवट."

चंपाआत्या म्हणजे अप्पांची थोरली बहीण. तरुणपणी नवरा गेला तेव्हापासून आमच्याकडेच असायची. घरात शेवटचा शब्द तिचा असे, आणि खरं सांगायचं तर पहिलाही. तिनं खोलीभर नजर फिरवली आणि कोनाड्यातली गोळ्यांची पट्टी उचलली.

"ह्यो बघा चोर!"

"कोण?" मी विचारलं.

"ह्या तुझ्या दुखण्याच्या गोळ्या. तू गिळलीस, ती दुधात उतरली, दूध लेकराच्या पोटात गेलं. मग उठंल कसं गं ते?"

माझ्या सासूबाई आदल्या दिवशीच कराडहून बारशासाठी आल्या होत्या. नातीला द्यायला दूध पाजायचं चांदीचं बोंडलं घेऊन आल्या होत्या, लाल फडक्यात गुंडाळून. त्या पलंगाच्या पायथ्याशी बसून हळूच म्हणाल्या, "मला कालच शंका आली होती, विहीणबाई. पण म्हटलं आल्या आल्या कशाला तोंड उघडा."

मी आईकडे बघितलं. आत्या पूर्वेला गेली की आई पश्चिमेला जायची, हा आमच्या घरातला जुना नियम. पण आईनंही मान डोलावली. "असंल बाई. गोळी ती गोळीच."

तीन बायकांचं एकमत! आमच्या घरात माझ्या लग्नातल्या जेवणावरूनही असं एकमत झालं नव्हतं. आणि तिघींनी मिळून पकडलेला चोर म्हणजे माझी गोळी.

त्या गोळीशी माझी काय दोस्ती होती, ते सांगायला हवं. आमच्या घरात पोट फाडून झालेलं हे पहिलंच मूल. त्याआधी सगळ्यांची सगळी पोरं आपापल्या पायांनी, म्हणजे डोक्यानं, बाहेर आलेली. त्यामुळे टाके दुखणं म्हणजे काय ते घरात कुणाला ठाऊक नव्हतं. झोपल्या जागेवरून उठून बसायचं म्हणजे मला आधी देवाचं नाव घ्यावं लागे आणि मग "आई गं" म्हणावं लागे. बाळाला मांडीवर घेतलं आणि तिनं एक लाथ झाडली की डोळ्यांपुढे काजवे. पहिले दोन दिवस तर तिला पाजायची वेळ आली की मला रडूच यायचं. आणि मला रडताना बघून बाळ प्यायचं सोडून द्यायचं.

मग आवटी डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहून दिल्या. पहिली गोळी घेतली आणि तासाभरानं मी भिंतीला टेकून बसले, तिला छातीशी घेतलं. ती चुटुचुटु प्यायला लागली. एक हात माझ्या पदरात, डोळे अर्धे मिटलेले, आणि कपाळाला आठी, जणू फार महत्त्वाचं काम चाललंय. दुखत नव्हतं असं नाही, पण ते दुखणं आता लांब कुठंतरी बसलं होतं. मला इतका आनंद झाला होता की मी आईला हाक मारून बोलावलं आणि नुसतंच म्हटलं, "बघ." आईनं बघितलं आणि पदरानं नाक पुसलं.

आता ती गोळीच चोर ठरली होती. आत्यासमोर एरवी मी भांडले असते. दहावीनंतर मला सायन्सला घालायचं नाही म्हणाली तेव्हा तीन दिवस भांडले होते. पण कुशीतलं बाळ उठत नसलं की शहाणपण उपयोगाला येत नाही. मी घाबरले. पट्टी आत्याच्या हातात तशीच राहू दिली.

"आजपास्नं बंद," आत्या म्हणाली. "पोरीसाठी सोसायचं. आम्हीबी सोसलं."

"बरं," मी म्हणाले.

आईनं ती पट्टी ज्वारीच्या डब्यात टाकली.

संध्याकाळपर्यंत गोळीचा अंमल उतरला आणि दुखणं लांबून उठून परत माझ्या शेजारी येऊन बसलं. कूस बदलायची म्हटलं तरी तोंडातून "आई गं" निघायचं. बाळाला उठवून उठवून पाजायचं, ती चार घोट घ्यायची आणि झोपायची. दूध तसंच साठून छाती दगडासारखी झाली. आई येऊन शेकायची, आत्या येऊन डिंकाचा लाडू द्यायची, सासूबाई पाय चेपायला बसायच्या. मला लाज वाटायची, सासूनं सुनेचे पाय चेपायचे म्हणजे! पण त्या ऐकायच्या नाहीत. "पडून राहा गं," म्हणायच्या. "ती झोपलीय तवर तूही डोळा मीट."

एक गोष्ट मात्र तेव्हाही माझ्या कानांना खटकली होती. माग चालू असले की आमच्या घरात शेजारी बसलेल्याचंही बोलणं ऐकू यायचं नाही. लाईट गेली की मात्र भांड्याला लागलेलं भांडंही ऐकू यायचं. त्या दिवशी लाईटचा खेळच चालला होता. माग थांबले की स्वयंपाकघरातून सहाणेवर काहीतरी उगाळल्याचा आवाज यायचा. घस्स. घस्स.

"आत्या, काय करतीस गं?"

"गंध उगाळतीया देवाला."

भर दुपारी कसलं गंध, असं मनात आलं. पण आत्याचा आणि देवाचा व्यवहार त्या दोघांतला होता, मी कशाला मध्ये पडू?

थोड्या वेळानं परत घस्स, घस्स. या वेळी आई. "सुंठ उगाळतीया. तुझ्या कपाळाला लावायला." ती सुंठ माझ्या कपाळापर्यंत काही आली नाही. मग सासूबाई. त्यांना म्हणे प्रवासाच्या उन्हानं चेहरा भाजला होता म्हणून चंदन लावायचं होतं. आणि दिवेलागणीला मी बाहेरच्या खोलीतून न्हाणीकडे निघाले, आईच्या खांद्याला धरून, तर स्वयंपाकघरात सहाणेपुढे उकिडवे बसलेले साक्षात अप्पा! दसऱ्याचा माग पुजण्याचा दिवस सोडला तर अप्पा देवघराच्या अंगाला फिरकायचे नाहीत.

"काय अप्पा?"

"डोकं धरलंय," अप्पा पाठ न वळवता म्हणाले.

माझ्या एका बाळंतपणानं सगळं घर कसं सात्त्विक आणि डोकेदुखीनं ग्रासलेलं झालंय, असं मला वाटलं, आणि इतक्या दुखण्यातही हसू आलं. हसलं की टाके ओढायचे, म्हणून ते हसू गिळलं.

दुसऱ्या दिवशी मागांना सुट्टी होती. सकाळपासून घर शांत. माझ्या मुलीच्या नियमानं तिनं दिवसभर आकाशपाताळ एक करायला हवं होतं. पण ती कालच्याइतकीच, खरं तर कालच्याहून जास्तच, झोपेत होती. मी तिला उघडं केलं, गालावर गार पाणी लावलं. तिनं एकदा डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. बघितलं कसलं, नुसते उघडले, आणि मिटले.

मी तिला घाईनं परत गुंडाळलं.

आई आणि आत्याच्या मागून सासूबाई आत आल्या. त्यांच्या हातात ते चांदीचं बोंडलं होतं, नुकतंच उकळत्या पाण्यातून काढलेलं.

"वासंती, मी काय म्हणते," त्या म्हणाल्या. "तुझ्या दुधात त्या गोळ्यांचं उतरलंय. ते निघून जाईपर्यंत चार दिवस वरचं दूध देऊ या. आणि तुला इतकं दुखतंय, तू खुशाल गोळी घे. तुझेही हाल नकोत आणि तिचेही नकोत."

त्या मनापासून म्हणत होत्या. म्हणूनच मला जास्त रडू आलं. गोळी हवी असेल तर पाजायचं नाही, पाजायचं असेल तर गोळी नाही. आणि मला दोन्ही हवं होतं. भिंतीला टेकून बसायचं होतं आणि ते अर्धे मिटलेले डोळे आणि ती कपाळाची आठी बघायची होती. चार दिवस बोंडल्यानं प्यायली आणि मग माझ्याकडे वळलीच नाही तर?

रडता रडता माझं डोकं मात्र चालायला लागलं.

"थांबा," मी म्हणाले. "आई, मी शेवटची गोळी कधी घेतली?"

"काल सकाळी."

"त्यानंतर एकही नाही. मग ही आज कालच्यापेक्षा जास्त का झोपतीय?"

तिघी एकमेकींकडे बघायला लागल्या. आत्यानं क्षणभर विचार केला आणि ठणकावून सांगितलं, "अंगात मुरलीया ती."

"अप्पा!" मी इतक्या जोरात ओरडले की टाक्यांनी माझ्या नावानं शंख केला. "डॉक्टरीणबाईंना घेऊन या. आत्ताच्या आत्ता!"

अप्पा बनियनवरच निघाले होते, आईनं मागं धावत जाऊन सदरा दिला. गल्लीच्या तोंडाशी स्कूटर वळताना त्यांनी दूधवाल्याला जवळजवळ आडवाच केला, असं नंतर कळलं. परत आले तेव्हा आवटी डॉक्टरीणबाई मागं एका अंगाला बसलेल्या होत्या, बॅग मांडीवर, एक हात बॅगेवर आणि दुसरा अप्पांच्या खांद्यावर घट्ट. पन्नाशीच्या, ठेंगण्या, कपाळाला छोटं कुंकू. उतरल्या आणि म्हणाल्या, "म्हेत्रे, जाताना मी रिक्षानं जाईन."

आत येऊन हात धुतले आणि बाळाला पुरतं उघडं केलं. टाळूवर बोटं फिरवली, छातीला नळी लावली, तळव्याला चांगली जोरात टिचकी दिली. तिनं तोंड वाकडं केलं आणि ती रडली. बारीक, पण रडली. आम्हाला सगळ्यांना ते रडणं ऐकून जीव आल्यासारखं झालं.

"लंगोट ओले होतायत?"

"होतायत," आई म्हणाली.

"रंग चांगला आहे. ठोके चांगले आहेत. उठत नाही म्हणून लगेच बोलावलंत हे बरं केलंत." मग त्या माझ्याकडे वळल्या. "तू का अशी वाकडी झालीयेस? गोळ्या घेत नाहीयेस का?"

"बंद केल्या," मी म्हणाले. "कालपासून. त्या दुधातून तिला जातात आणि ती झोपते म्हणून."

"कुणी सांगितलं?"

डॉक्टरीणबाईंनी उत्तराची वाट बघितली नाही. त्या बाळावर वाकल्या, तिच्या तोंडाजवळ नाक नेलं, आणि हुंगलं. परत हुंगलं. मग सरळ झाल्या आणि अगदी सहज आवाजात विचारलं,

"आज घरात श्रीखंड केलंय का?"

"न्हाई," आई गोंधळून म्हणाली. "का?"

"पुरणपोळी?"

"न्हाई हो."

"मग नऊ-दहा दिवसांच्या पोरीच्या तोंडाला जायफळाचा वास कसा येतोय?"



दवाखान्यातून सोडताना डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं होतं. सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही, पाणी नाही, मध नाही, आणि बाळगुटी तर मुळीच नाही. आई आणि आत्या दोघींनी माना डोलावल्या होत्या. आत्यानं तर "न्हाई न्हाई, आता कोण देतंय तसलं" असं वर म्हटलं होतं.

आधी आईनं खाली बघितलं. "मीच दिलं," ती म्हणाली. "एक वळसा. लई न्हाई. जायफळाचा एकच वळसा, उकळलेल्या पाण्यात. लेकीचा जरा डोळा लागावा म्हणून."

"वहिनी!" आत्या फिस्कारली. "तू दिलंस? आणि मला सांगितलं न्हाईस?"

"तुम्ही डॉक्टरांम्होरं शब्द दिलेला. तुम्हाला कसं सांगू?"

आत्याचा आवाज एकदम खाली आला. "अगं, पण मग... मीबी दिला की."

"काय?"

"एकच वळसा! ही उठून बसती आणि आई गं, आई गं करती, मला बघवंना. म्हटलं पोर जरा जास्त झोपली तर ही तेवढीच आडवी राहील. तुला सांगितलं असतं तर तू मला डॉक्टरांची आठवण करून दिली असतीस."

डॉक्टरीणबाई सासूबाईंकडे वळल्या. सासूबाईंनी बोंडलं हळूच पदराआड केलं.

"मी विहिणीच्या घरात आलेली पाहुणी," त्या म्हणाल्या, आणि त्यांचे कान लाल झाले. "ढवळाढवळ केली असं वाटायला नको, म्हणून... सहाण घासून धुऊन ठेवली होती मी. कुणाला कळू नये म्हणून."

"म्हणजे तीन वळसे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दिवसातून किती वेळा?"

तिघींनी तीन दिशांना बघितलं.

"काल जरा जास्त झालं," आई पुटपुटली. "काल हिला फारच दुखायला लागलं ना."

डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटले आणि कपाळावर हात ठेवला. मला वाटलं आता या ओरडणार. पण त्या बोटांवर मोजत सांगायला लागल्या. "म्हणजे बघा हं. जायफळानं बाळ झोपलं, म्हणून तुम्ही हिची गोळी बंद केलीत. गोळी बंद केलीत म्हणून हिचं दुखणं वाढलं. दुखणं वाढलं म्हणून तुम्ही जायफळ वाढवलंत. जायफळ वाढवलंत म्हणून बाळ आणखी झोपलं. आणि आता त्याच्यावर उपाय म्हणून बोंडलं!"

तेवढ्यात दारात कुणीतरी खाकरलं.

अप्पा उंबऱ्यावर उभे होते. हातातली टोपी गोल गोल फिरवत.

"डॉक्टरीणबाई," ते म्हणाले. "वळसे चार धरा."

"अप्पा, तुम्ही?" मला माझ्या कानांवर विश्वासच बसेना. "तुम्हाला गुटी उगाळता येते?"

"आमची आई उगाळायची की मागापाशी बसून. बघितलेलं हाय." ते माझ्याकडे न बघता बोलत होते. "आठ माग चालू असले तर मला शेजारच्या माणसाचं ऐकू येत न्हाई, वासू. पण तुझं 'आई गं' त्या आवाजातनंबी ऐकू यायचं. ताण्याचे दोन धागे चुकीचे जोडले मी काल. म्हटलं, पोरगी जरा झोपली तर माझी पोरगी गप पडंल."

मला रडायचं होतं. खरंच रडायचं होतं, कारण अप्पा आयुष्यात माझ्याशी इतकं लांब वाक्य कधी बोलले नव्हते. पण आत्या म्हणाली, "अरं गड्या, तरीच सहाण सारखी ओली असायची, मी म्हणतीया ही वाळत कशी न्हाई," आणि मला जे हसू फुटलं ते काही केल्या थांबेना. आई हसायला लागली. सासूबाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. डॉक्टरीणबाईही शेवटी हसल्या. मी उशी पोटाशी घट्ट धरून ओरडत होते, "हसवू नका गं, टाके तुटतील, हसवू नका!"

"ज्वारीच्या डब्यातल्या गोळ्या काढा," मी म्हणाले, जरा श्वास आल्यावर.

"कुठल्या डब्यातल्या?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आणि आम्ही परत हसलो.

मग त्या पलंगावर माझ्याजवळ बसल्या आणि हसणं बाजूला ठेवून बोलल्या. "मी ही गोळी लिहिली तेव्हा तू पाजतेयस हे मला माहीत नव्हतं का? माहीत होतं म्हणूनच ही लिहिली. ही दुधात उतरते ती इतकी कमी, की बाळाला पत्ताही लागत नाही. सगळ्या गोळ्या अशा नसतात. काही गोळ्यांनी, काही खोकल्याच्या औषधांनी आईला गुंगी येते आणि बाळालाही येते. म्हणून दुसऱ्या कुणाच्या गोळ्या घ्यायच्या नाहीत, आणि मी दिलेली मला विचारल्याशिवाय बंद करायची नाही. शंका आली तर विचारायचं. आणि ऐक, दुखणं सोसून दूध गोड होत नसतं. आई नीट बसली तर बाळ नीट पितं."

"आम्ही सोसलं," आत्या म्हणाली. पण या वेळी तिचा आवाज ठणठणीत नव्हता.

"तुम्हाला कुणी विचारलं असतं तर तुम्हीही घेतली असतीत, आत्याबाई."

आत्या उठली, आत गेली. डब्याचं झाकण वाजलं. ती आली तेव्हा एका हातात पाण्याचा पेला होता आणि दुसऱ्या हातात गोळी, आधी पदरानं नीट पुसलेली. तिनं ती माझ्या तोंडासमोर धरली, लहानपणी भरवायची तशी.

"घे गं बाई," ती म्हणाली. "माझ्या वाटचीबी तूच घे."

जाताना डॉक्टरीणबाईंनी हुकूम सोडला. आज दर दोन तासांनी उठवून पाजायचं, प्यायली नाही तर तडक दवाखान्यात आणायचं, आणि जायफळ त्यांच्या स्वाधीन करायचं. आईनं एक आणून दिलं. त्यांनी हात तसाच पुढे धरून ठेवला. मग आत्यानं कमरेच्या पिशवीतून एक काढलं. सासूबाईंनी बॅगेतून एक काढलं. अप्पांनी सदऱ्याच्या खिशातून अर्धं काढलं. डॉक्टरीणबाई खरोखरच रिक्षानं गेल्या, साडेतीन जायफळं घेऊन.

संध्याकाळी बाळ पाच मिनिटं प्यायलं. रात्र होण्याआधी दहा. मी भिंतीला टेकून बसले होते आणि "आई गं" म्हणावं लागलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माग सुरू झाले. सगळं घर कामाला लागलं, पण प्रत्येकाचा एक कान माझ्या खोलीकडे होता, हे मला पलंगावर पडल्या पडल्याही कळत होतं. उन्हं अंगणात आली आणि लाईट गेली. एक माग थांबला, दुसरा थांबला, आठवा थांबला.

आई स्वयंपाकघराच्या दारात आली. सासूबाई हातातली सुपली घेऊन आल्या. आत्या मधोमध येऊन उभी राहिली, कमरेवर हात ठेवून. मागशाळेच्या दारातून अप्पांचं डोकं दिसलं.

कुशीतलं गाठोडं हललं. एक मूठ बाहेर आली. मग तोंड इतकं मोठं उघडलं की चेहरा दिसेना, आणि तिनं जे भोकाड पसरलं ते तिसऱ्या गल्लीत ऐकू गेलं असणार.

"अरं वाजव!" आत्या ओरडली, कुणाला उद्देशून ते तिलाच ठाऊक. सासूबाईंनी सुपली वाजवली. अप्पा मागशाळेतल्या कामगारांना सांगत सुटले, "ऐका! ऐका! उठली!" आणि मी माझ्या रडणाऱ्या मुलीला छातीशी घेतलं आणि आयुष्यात पहिल्यांदा वीज मंडळाचे आभार मानले.

बारशाला श्रीखंड केलं होतं. जायफळ विकत आणावं लागलं. मुलीचं नाव केतकी ठेवलं.

गेल्या वर्षी केतकीला मुलगा झाला, पुण्यात, माझ्यासारखंच पोट उघडून. बातमी आली तशी मी कराडहून निघाले. दवाखान्याच्या खोलीत शिरले तेव्हा ती पलंगावर वाकडी होऊन बसली होती, मांडीवर बाळ, आणि समोरच्या टेबलावर सिस्टरनं ठेवलेली गोळी.

"आई," तिनं विचारलं, "डॉक्टर म्हणाले चालते. घेऊ ना? दुधातून याला काही..."

मी पेल्यात पाणी ओतलं आणि गोळी तिच्या तोंडासमोर धरली. तिनं ती निमूटपणे घेतली. बाळ प्यायला लागलं आणि तिच्या तोंडातून "आई गं" निघालं. एवढ्याशा आवाजात. अप्पांना आठ मागांच्या खडखडाटात काय ऐकू येत असेल ते मला तेव्हा कळलं.

मी पर्स उघडली, आतल्या कप्प्यात हात घातला, आणि घरून निघताना का कोण जाणे पण रुमालात गुंडाळून टाकलेलं ते तिच्या हातात दिलं.

"हे काय?"

"जायफळ," मी म्हणाले. "आधी माझ्याकडून काढून घे. तुझ्या सासूबाईंच्या पर्समध्येही बघ. आणि बारशाला श्रीखंड कर."